धागा: परराष्ट्र धोरणावरची रिपब्लिकन चर्चा, बघता बघता लिहूया (२२ नोव्हेंबर २०११, वॉशिंग्टन)

(वेळा सगळ्या भारतातल्या)

शेवंता, एडिसन · बुधवार ०५:५२
नमस्कार मंडळी. रिपब्लिकन उमेदवारांची परराष्ट्र धोरण आणि सुरक्षेवरची चर्चा थोड्या वेळात सुरू होतेय. इथे मंगळवार रात्रीचे आठ, तुमच्याकडे बुधवार सकाळचे साडेसहा. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमधून सीएनएन दाखवणार आहे. सोबत हेरिटेज फाउंडेशन आणि अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या दोन संस्था आहेत. सूत्रसंचालक वुल्फ ब्लिट्झर. मंचावर आठ जण: रॉम्नी, गिंग्रिच, पेरी, केन, रॉन पॉल, बाखमन, हंट्समन आणि सँटोरम.

याच विषयावर दहा दिवसांपूर्वी साउथ कॅरोलायनात चर्चा झाली होती. तेव्हा पेरी म्हणाले होते, परदेशी मदतीचा हिशेब प्रत्येक देशासाठी शून्यापासून मांडायचा, पाकिस्तानलाही तोच नियम. तेव्हापासून मी आजच्या रात्रीची वाट बघतेय. येत्या शनिवारी २६/११ ला तीन वर्षं होतील. पाकिस्तानविषयी ही माणसं काय बोलतात ते मला शब्दन्‌शब्द ऐकायचंय. जे जे बघत असतील त्यांनी इथेच लिहीत जा.

मुग्धा, ठाणे · ०६:११
मी आहे. डबा भरता भरता नेटवर लावलंय, ७:५२ च्या लोकलपर्यंत बघेन. एक विचारू? हे आठही जण एकाच पक्षाचे ना? मग आपसात वाद कशासाठी?

बापूसाहेब, पार्सिपनी · ०६:१९
मुग्धाताई, ही ओबामांविरुद्धची निवडणूक नव्हे. त्यांच्यासमोर कोण उभं राहणार ते ठरवायची ही पायरी. आपल्याकडे तिकीट दिल्लीतून ठरतं, इथे ते पक्षाचे मतदार ठरवतात, एकेक राज्य करत. ३ जानेवारीला आयोवा, १० जानेवारीला न्यू हॅम्पशायर, मग पुढची राज्यं. मी नोंदणीकृत रिपब्लिकन आहे, १९८४ पासून प्रत्येक वेळी मत दिलंय, पण आमच्या न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये येते. तोवर बहुधा सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून या चर्चा मी मन लावून बघतो. माझं मत पोचायच्या आधी माझा उमेदवार इथेच ठरतो.

रानमेवा, ऑस्टिन · ०६:३६
सुरू झालं. ब्लिट्झर म्हणाले, वुल्फ हे माझं खरंच नाव आहे. त्यावर रॉम्नी म्हणाले, मिट हेही माझं पहिलं नाव. त्यांचं पहिलं नाव विलर्ड आहे, मिट मधलं.

आमच्या पेरींची मला काळजी वाटतेय. ९ तारखेला मिशिगनमध्ये आपण बंद करणार त्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव त्यांना आठवलं नाही. अकरा वर्षं गव्हर्नर असलेला माणूस तिथे उभा राहून चाचपडत होता, बघवत नव्हतं.

दहिवर, मिनियापोलिस · ०६:४७
पहिलाच प्रश्न पॅट्रिअट कायद्यावर (९/११ नंतर सरकारला पाळत ठेवायचे जादा अधिकार देणारा कायदा) आणि पहिलीच ठिणगी. गिंग्रिच म्हणतात कायदा आणखी कडक करा. रॉन पॉल म्हणतात हा कायदाच देशभक्तीच्या विरुद्ध आहे, आणि दाखला देतात १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत स्फोटाने उडवणाऱ्या टिमथी मॅक्व्हेचा: नेहमीच्या कायद्यानेच पकडला, नेहमीच्या न्यायालयात शिक्षा झाली. गिंग्रिच लगेच म्हणाले, मॅक्व्हेचा स्फोट यशस्वी झाला, मुद्दा तोच आहे. सभागृहात टाळ्या.

पॉल यांचं परराष्ट्र धोरण मला पटत नाही. तरी टाळ्या कुठे मिळणार हे माहीत असूनही तो माणूस आपलं म्हणणं सोडत नाही, याला माझा मान.

मुग्धा · ०६:५५
विमानतळावरच्या तपासणीत धर्म बघावा का, यावर चाललंय. सँटोरम सरळ म्हणाले, मुस्लिमांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधली सानिया कामानिमित्त शिकागोला जाते, दर वेळी तिला बाजूला काढून तासभर बसवतात. ती चिडत नाही, पुस्तक घेऊन जाते. हे वाक्य तिने ऐकलं नसेल तर बरं.

गडवाट, पुणे · ०७:०३
पाकिस्तान आला. सगळ्यांनी कान द्या.

शेवंता · ०७:०९
पेरी: पाकिस्तान अमेरिकेच्या हिताचं वागत असल्याचं दाखवत नाही तोवर एक पैसासुद्धा नाही.
बाखमन: हे फार भोळेपणाचं आहे. पाकिस्तानकडे अण्वस्त्रं इतकी आहेत की त्याला कोसळू देणं परवडणार नाही. अण्वस्त्रांची पंधरा ठिकाणं जिहादींच्या हाती लागू शकतील अशी आहेत असंही त्या म्हणाल्या. पैसा देतो त्याच्या बदल्यात गुप्त माहिती मिळते, हा त्यांचा मुद्दा.

टाइप करताना माझा हात थरथरतोय. थोड्या वेळाने लिहिते.

दहिवर · ०७:१३
बाखमनबाई आमच्या मिनेसोटाच्या. लोकप्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीवर आहेत, त्यामुळे त्या आकडा सांगतात तेव्हा तो हवेतला वाटत नाही. मी त्यांना कधी मत दिलं नाही, देणारही नाही, पण आजचं उत्तर तयारीचं होतं. पेरींचं वाक्य टाळ्या घेणारं होतं, बाखमन यांचं राज्यकारभार माहीत असलेल्या माणसाचं.

रानमेवा · ०७:१५
दहिवर, भावा, इथे मी पेरींच्या बाजूने. मे महिन्यात बिन लादेन सापडला कुठे? अबोटाबादला, लष्करी अकादमीच्या शेजारी. २००९ च्या अमेरिकेच्या केरी-लुगर कायद्याने पाकिस्तानला पाच वर्षांत साडेसात अब्ज डॉलर द्यायचं ठरलं, म्हणजे वर्षाला दीड अब्ज, तेही नागरी कामांसाठी. लष्कराचे पैसे वेगळे. इतकं देऊनही तो तिथे राहत होता. आणखी किती माहिती विकत घ्यायची?

गडवाट · ०७:२४
रानमेवा, तुमचा संताप रास्त आहे, पण रसद कशी जाते ते बघा. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये २८ वर्षं काढली, त्यातली बरीच झोजिला खिंडीच्या पलीकडे माल पोचवण्यात. झोजिला बंद झाली की लडाखमधला प्रत्येक लिटर डिझेल मोजून वापरावा लागतो. तिथे रस्ता निदान आपल्या देशातला होता.

अफगाणिस्तानला समुद्रच नाही. जवळपास लाखभर अमेरिकन सैन्य तिथे आहे. त्यांचं इंधन, पीठ, सिमेंट, टायर यांचा मोठा भाग कराचीच्या बंदरात उतरतो. तिथून दोन वाटा: एक पेशावरवरून खैबर खिंडीतून सीमेवरच्या तोरखमला, दुसरी क्वेट्टावरून चमनला आणि पुढे कंदाहार. उत्तरेकडून रशिया आणि मध्य आशियामार्गे तिसरी वाट काढली आहे, ती लांबची आणि महागडी. तोरखमचं फाटक उघडायचं की बंद करायचं हे रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात ठरतं. एक पैसा देणार नाही म्हणणाऱ्या उमेदवाराला पुढचा प्रश्न हाच विचारायला हवा होता: मग डिझेल कुठून नेणार? कोणी विचारला नाही. मला वाईट याचंच वाटलं.

मुग्धा · ०७:२६
काका, हे इतकं सोपं करून मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

बापूसाहेब · ०७:२९
आजचा सर्वांत चांगला तुकडा आत्ता झाला. अफगाणिस्तानातून सैन्य कधी आणायचं? हंट्समन म्हणाले, बहुतेक सैन्य परत आणा, दहा-पंधरा हजार पुरेत. रॉम्नी म्हणाले, २०१४ अखेरपर्यंत थांबा, मैदानावरच्या सेनापतींचं ऐका. हंट्समन यांनी उत्तर दिलं की सरसेनापती राष्ट्राध्यक्ष असतो, १९६७ साली आपण व्हिएतनाममध्ये मैदानावरच्या सेनापतींचंच ऐकलं होतं आणि त्याने आपलं भलं झालं नाही.

मी रॉम्नींचा माणूस आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. या प्रश्नावर हंट्समन बरोबर होते. दोघेही सभ्यपणे बोलले, आवाज चढला नाही. माझ्या पक्षात असं दृश्य हल्ली कमी दिसतं.

शेवंता · ०७:३३
आता लिहिते. २६/११ च्या रात्री माझे बाबा सीएसटीला होते. सोलापूरची गाडी पकडायची होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मोठ्या हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला तेव्हा ते लोकलच्या बाजूला वडापाव घ्यायला आलेले. उद्घोषणा करणारे विष्णू झेंडे वर केबिनमधून सतत सांगत राहिले, या दाराने बाहेर पडा, तिकडे जाऊ नका. बाबा त्या आवाजावर चालत बाहेर पडले. बॅग हॉलमध्येच राहिली, नंतर पोलिसांकडून मिळाली, तिच्या कडीला अजून पंचनाम्याच्या चिठ्ठीचा दोरा आहे. त्या स्टेशनवर ५८ माणसं गेली. मुंबईत एकूण १६६, त्यांतले सहा अमेरिकन नागरिक. हल्ल्याच्या जागा हेरून ठेवणारा हेडली अमेरिकन पासपोर्टवर मुंबईत येऊन-जाऊन होता. गेल्या वर्षी शिकागोच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि या उन्हाळ्यात तिथेच साक्ष दिली.

म्हणून मी वाट बघत होते. पाकिस्तानवर एवढं बोलणं झालं, मदत झाली, अण्वस्त्रं झाली, ड्रोन झाले. माझ्या कानावर भारताचं नाव आलं ते पेरींच्या तोंडून, त्या भागात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत मिळून व्यापारक्षेत्र करता येईल एवढ्यापुरतं. मधे उठून चहा ठेवला तेवढ्यात काही निसटलं असेल तर सांगा, मला ते निसटलेलंच हवंय.

मुग्धा · ०७:३७
शेवंता, मलाही ऐकू आलं नाही गं. बाबांना नमस्कार सांग. निघते आता, गाडीत मोबाइलवर वाचेन.

गडवाट · ०७:३९
शेवंताताई, तुमच्या बाबांना सॅल्यूट. शनिवारी मी गिरगाव चौपाटीवर जाणार आहे, ओंबळेंना फुलं वाहायला. तिन्ही वर्षं जातो.

दहिवर · ०७:४२
इराण-इस्राएल चालू आहे. केन म्हणतात इस्राएलची योजना यशस्वी होण्यासारखी असेल तर मदत करू, पण तो मुलूख डोंगराळ आहे. रॉन पॉल म्हणतात इस्राएलकडे स्वतःची दोन-तीनशे अण्वस्त्रं आहेत, तो स्वतःला सांभाळू शकतो. पेरी इराणच्या मध्यवर्ती बँकेवर निर्बंध मागतात. पुढे सरकूया.

मांडवी, वास्को · ०७:५१
मी नेहमी नुसतं वाचते, आज लिहावंसं वाटलं. आत्ता बुश यांच्या काळातले संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी प्रश्न विचारला: बुश यांनी आफ्रिकेत एड्स आणि मलेरियासाठी सुरू केलेली मदत चालू ठेवायची का? केन यांनी हो की नाही ते सांगितलं नाही. सँटोरम मात्र ठाम उभे राहिले, म्हणाले की ती मदत थांबवली तर सैन्य पाठवायची वेळ येईल. बोलण्याच्या ओघात ते आफ्रिकेला देश म्हणून गेले, आणि उद्या सगळीकडे तेवढंच छापून येईल. मला त्यांचं उत्तर लक्षात ठेवावंसं वाटतं.

कारण सांगते. मी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. २००३ साली बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची ती योजना सुरू केली. त्याआधी २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा परदेशी कंपन्यांची तीच औषधं दहा हजार डॉलरच्या वर होती. पुढे अमेरिकेच्या औषध नियामकाने आपल्याकडच्या गोळ्या तपासून मान्य केल्या आणि त्या पैशांतून त्या आफ्रिकेत जाऊ लागल्या.

आमच्या लाइनवर साठ गोळ्यांच्या पांढऱ्या डब्या येतात. तीन औषधं एकाच गोळीत, सकाळी एक, रात्री एक, म्हणजे महिनाभराची एक डबी. खोक्यावर कधी लुसाका लिहिलेलं असतं, कधी कंपाला. शून्यापासून मदत म्हणतात तेव्हा मला ती खोकी दिसतात. तिकडच्या बाईची डबी एक महिना चुकली तर काय होतं ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय: विषाणू औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी तिला उपयोगाची राहत नाही.

बापूसाहेब · ०७:५६
मांडवीताई, मी डॉक्टर आहे. एकेक शब्द खरा आहे तुमचा. लिहीत जा.

रानमेवा · ०७:५९
मांडवी, मी मघाशी मदत बंद करा म्हणालो ते पाकिस्तानच्या संदर्भात होतं. ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. शब्द मागे घेत नाही, पण सगळी मदत एका पारड्यात टाकणं चूक आहे हे मान्य.

शेवंता · ०८:०६
इमिग्रेशन!! गिंग्रिच म्हणाले, गणित, विज्ञान, इंजिनिअरिंगच्या प्रत्येक उच्च पदवीला एच-१ व्हिसा जोडून द्यावा म्हणजे शिकलेली माणसं इथेच राहतील. रॉम्नी म्हणाले, अशा पदवीला ग्रीन कार्ड स्टेपल करून देईन.

माझी पदवी माझ्यासमोर भिंतीवर आहे. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मास्टर्स. काचेच्या चौकटीत, खालचा कोपरा थोडा दुमडलेला. तिला अजून काही जोडलेलं नाही. ग्रीन कार्डच्या अर्जावर आमची रांगेतली जागा ठरवणारी तारीख ऑक्टोबर २००८. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर मिळत नाहीत, मग तो देश भारत असो की आइसलंड. त्यामुळे माझ्याच टेबलावर बसणाऱ्या पोलंडच्या मुलीला दीड वर्षात मिळालं. ती गुणी आहे, तिला मिळालं याचा आनंदच आहे. पण रांगेत असताना पद बदललं तर कागद पुन्हा करावे लागतील, म्हणून आधीच्या नोकरीत मी दोनदा बढती नाकारली. मुलगा इथे जन्मला, तो अमेरिकन, आम्ही नाही.

वाक्य छान आहे, रॉम्नीसाहेब. सात टक्क्यांचं काय करणार ते सांगा.

दहिवर · ०८:०९
आमचीही तारीख २००९. कळतंय गं.

बापूसाहेब · ०८:१४
शेवंता, मी १९७८ मध्ये आलो तेव्हा डॉक्टरला दीड वर्षात ग्रीन कार्ड मिळालं. आमच्या पिढीला हा अडथळा लागलाच नाही, आणि आमच्यातले काही जण तुम्हाला धीर धरा म्हणतात. मी पूर्वी म्हणालो असेन. तसं म्हणायला नको होतं.

आता राजकारण बघा. गिंग्रिच त्याच दमात पुढे गेले: पंचवीस वर्षं इथे राहिलेल्या, मुलंबाळं, नातवंडं, चर्च असलेल्या माणसाला उचलून बाहेर टाकू नका, माणुसकीने वागा, आणि यासाठी माझ्यावर राग निघाला तरी सोसेन. रॉम्नी आणि बाखमन लगेच तुटून पडले, याने आणखी लोक बेकायदा यायला उत्तेजन मिळेल म्हणून. आयोवातल्या मतदारासमोर सहा आठवडे आधी असं बोलायला हिंमत लागते. माझं मत अजून रॉम्नींना, पण आजचं हे वाक्य मी विसरणार नाही.

रानमेवा · ०८:२१
सीरिया: पेरींना विमानबंदी क्षेत्र हवंय. बाकीच्यांपैकी कोणी फार उत्साह दाखवला नाही.

दहिवर · ०८:३१
शेवटचा प्रश्न चांगला होता: कुठल्या धोक्याबद्दल कोणी विचारत नाही आणि विचारायला हवं? सँटोरम, लॅटिन अमेरिका. पेरी, चीन. केन, सायबर हल्ले. गिंग्रिच, अमेरिकन शहरात अण्वस्त्र. बाखमन, सोमालियातली दहशतवादी संघटना अल-शबाब, आणि त्यात आमच्या मिनेसोटाचा उल्लेख. तो खरा आहे. इथली सोमाली मुलं तिकडे लढायला गेली आहेत. माझ्या मुलीच्या वर्गमैत्रिणीचा मामेभाऊ गेला. तिची आजी आमच्या किराणा दुकानात रोज भेटायची, आता मान खाली घालून जाते. बाखमनबाईंनी त्या घराबद्दलही दोन शब्द बोलायला हवे होते.

हंट्समन सर्वांत शेवटी: सगळ्यात मोठा प्रश्न घरातच आहे. बेकारी, कर्ज, आणि लोकांचा उडालेला विश्वास. कालच सरकारी तूट कमी करायला नेमलेल्या संसदेच्या सुपर कमिटीने हात टेकले, १.२ लाख कोटी डॉलरची कपात जमली नाही. त्यामुळे हे उत्तर आज जास्त लागलं.

मुग्धा · ०८:४९
दादर आलं. सगळं वाचलं. मांडवीचा प्रतिसाद शेजारी बसलेल्या बाईंना वाचून दाखवला.

गडवाट · रविवार २७ नोव्हेंबर, ०९:१०
धागा वर काढतो. काल पहाटे नाटोच्या हेलिकॉप्टरांनी सीमेवरच्या सलाला चौकीवर हल्ला केला, पाकिस्तानचे दोन डझन सैनिक ठार. पाकिस्तानने त्याच दिवशी तोरखम आणि चमन दोन्ही बंद केली. टँकर रांगेत उभे असल्याची चित्रं सगळ्या वाहिन्यांवर आहेत. मंगळवारी जो प्रश्न कोणी विचारला नाही तो शनिवारी सरळ रस्त्यावर येऊन उभा राहिला.

काल चौपाटीवर जाऊन आलो. शेवंताताई, तुमच्या बाबांच्या नावानेही एक फूल ठेवलं.

शेवंता · रविवार, ०९:५८
काका, बाबांना फोनवर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मग आईकडे फोन दिला.

दहिवर · बुधवार ३० नोव्हेंबर, ०८:०४
शेवंता, बघितलंस का? काल लोकप्रतिनिधिगृहात एचआर ३०१२ मंजूर झालं, ३८९ विरुद्ध १५! नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा जाणार. विधेयक मांडणारे चॅफेट्झ, युटाचे रिपब्लिकन. आता सिनेट.

शेवंता · बुधवार, ०८:१२
दोनदा वाचलं. नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. ३८९!

शेवंता · शुक्रवार २ डिसेंबर, ०७:४०
सिनेटमध्ये ग्रासलींनी विधेयक अडवून धरलंय. ते आयोवाचे रिपब्लिकन. एकट्या सिनेटरला असं अडवता येतं हे मला आजच कळलं.

पुढची चर्चा १० डिसेंबरला आहे आणि ती आयोवातच, डे मॉइनला. मी त्या दिवशी मुंबईच्या विमानात असेन. व्हिसाचा शिक्का नवा करायचाय, नुकत्याच बीकेसीत हललेल्या वकिलातीत जायचंय, आणि बाबांना भेटायचंय. बापूसाहेब, धागा तुम्ही काढा. सात टक्क्यांचा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा, उतरल्या उतरल्या वाचेन.

बापूसाहेब · शुक्रवार, ०७:५५
काढतो. आणि ग्रासलींच्या कार्यालयाला आज पत्र लिहितो. मी त्यांच्या राज्यातला नाही, पण त्यांच्या पक्षाचा आहे. मजकुराचा मसुदा संध्याकाळी इथे टाकेन, सगळ्यांनी बघून घ्या.